आधी कान, मग पाना
मे महिन्यात गोसीखुर्दला निघालात तर गाडीतला एसी ही चैन राहत नाही. समोर 33 दरवाज्यांच्या धरणाने अडवलेली वैनगंगा, नजर पोहोचेल तिथवर पाणी, आणि माझ्या जुन्या गाडीत मात्र भट्टी. एसीचं बटण दाबलं की बॉनेटखालून किंचाळी उठायची. सोबतचे म्हणाले, "गॅस संपला, भरून टाका." धरणाजवळच्या पवनीच्या मिस्त्रींनी मात्र पान्याला हात लावण्याआधी कान दिला. "एसी बंद करा जी. आता लावा." एसी लावताच क्लच 'टक्' करून कॉम्प्रेसरला पुलीशी जोडतो, भार वाढतो, आणि बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालेला असला की घसरून ओरडतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यावा, कारण इंजिन चालू असेतो पुली फिरतच असते. 'टक्' ऐकूच आलं नाही, तर फ्यूज आणि वायर तपासावी. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो गळतो. पाइपाच्या सांध्यावर तेलकट धूळ दिसली की चोर सापडलाच म्हणा. इंजिन बंद करून मिस्त्रींनी बेल्ट उलटा पिळून दाखवला : कडा काचेसारख्या चकचकीत, आतून भेगा. नवा बेल्ट चढला, ताण बसला, किंचाळी थांबली. भरण्याआधी गळती शोधावी, हे धरणाच्या गावात वेगळं काय सांगायचं?