आधी कागद, मग कॅमेरा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एका लहानशा व्हिडिओ स्टुडिओचेच उदाहरण घ्या. लग्न-मुंजींचे चित्रीकरण हा त्याचा नेहमीचा व्यवसाय. जबलपूरचे तयार सलवार-सूट बाहेरगावीही विकले जातात. अशाच एका व्यापाऱ्याने स्टुडिओच्या तरुण मालकाला सांगितले, ‘‘आमची जाहिरात बँकॉकला जाऊन करा. तीन दिवस, नदीकाठ आणि बाजार.’’ निम्मे पैसे आगाऊ मिळाले. कर्ज काढून नवा कॅमेरा आला. तिकिटांची चौकशी चालू असताना वडिलांनी विचारले, ‘‘जाशील रे, पण तिथे काम करू कोण देणार?’’

‘‘सगळे पर्यटक म्हणूनच जातात, बाबा,’’ मुलगा म्हणाला. पण रात्री त्याला झोप लागली नाही.

वडिलांची शंका रास्त होती. भेडाघाटला ‘जिस देश में गंगा बहती है’ (1960) पासून ‘मोहेंजो दारो’ (2016) पर्यंत चित्रपटांची चित्रीकरणे झाली. तिथे स्थानिक माणसाला नावाडी ओळखतो, कुठे अडले तर कोणाला भेटायचे हेही ठाऊक असते. परदेशात ही ओळख कामी येत नाही. तिथे कागदच बोलतो.

पर्यटक की कामगार?

घरच्यांसाठी सहलीचे चित्रण करणे वेगळे आणि मोबदला घेऊन जाहिरात करणे वेगळे. थायलंडमध्ये परवान्याविना काम करताना पकडले गेल्यास 5,000 ते 50,000 बाट दंड आणि वर मायदेशी रवानगी, असा कायदा आहे. तसे झाले तर आगाऊ रक्कम परत करावी लागेल, व्यापारी तुटेल आणि कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालूच राहतील.

परदेशी चमूला तिथल्या पर्यटन विभागाच्या चित्रपट कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज थेट करता येत नाही. थायलंडमध्ये नोंदणी झालेल्या समन्वयकामार्फत करावा लागतो. कथासार, दिवसवार वेळापत्रक, माणसांची आणि सामानाची यादी त्याला आधी पाठवायची. व्हिसा कोणता घ्यायचा हेही त्याला आणि दूतावासाला विचारूनच ठरवावे. मंदिरे, राजवाडा, उन्नत रेल्वे यांसाठी वेगळी परवानगी लागते. समन्वयकाचे शुल्क अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

सामानाचा पासपोर्ट

कॅमेरा परदेशात नेऊन परत आणायचा असेल तर ‘एटीए कार्नेट’ काढावे. भारतात ते ‘फिक्की’ ही संस्था देते. त्यासाठी शुल्क आणि तारण लागते आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. त्यामुळे तात्पुरत्या नेलेल्या सामानावर परदेशात जकात भरावी लागत नाही. मात्र भारतातून निघताना, तिथे उतरताना, तिथून निघताना आणि परतल्यावर, अशा चारही वेळा कस्टम्सचा शिक्का घ्यायलाच हवा. एक शिक्का राहिला तरी पुढे जकातीची मागणी येऊ शकते. डुमना विमानतळावरून थेट बँकॉकला जाता येत नाही. तेव्हा मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याला या कामासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा. यादीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक नीट लिहा. दिवे आणि जड स्टँड इथून नेण्यापेक्षा तिथे भाड्याने घ्यावेत.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकू नयेत. त्या हातातल्या सामानातच न्याव्यात आणि टोकांना चिकटपट्टी लावावी. 100 वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी असेल तर विमान कंपनीला आधी विचारावे.

हवा आणि रीतरिवाज

मे ते ऑक्टोबर हे बँकॉकचे पावसाळी महिने, त्यातही सप्टेंबरमध्ये पाऊस जोरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. जबलपूरच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्याला तिथला दमटपणा जड जातो. हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला, तर भिंगावर वाफ धरते. बॅग अर्धा तास बंदच ठेवून बाहेरच्या हवेत राहू द्यावी आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. दुपारी ऊन माथ्यावर येते आणि चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. म्हणून चेहऱ्यांची दृश्ये सकाळी घ्यावीत. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरच्या वाट अरुण मंदिराचा नदीकडचा दर्शनी भागही सकाळच्या उन्हात उजळतो.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीवर चढणे, तिच्याकडे पाय करून बसणे, तिला जाहिरातीची शोभा म्हणून वापरणे, हे तिथे अपमानकारक मानतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते. त्या वेळी चमूनेही काम थांबवून उभे राहावे.

रोज रात्री चित्रणाच्या दोन प्रती काढून दोघांच्या बॅगेत वेगवेगळ्या ठेवाव्यात.

नेपियर टाउनच्या तरुणाने शेवटी व्यापाऱ्याला खरे काय ते सांगितले : खर्च वाढेल आणि सप्टेंबरऐवजी जानेवारीत जावे लागेल. व्यापारी कुरकुरला, पण तयार झाला. निघायच्या आदल्या दिवशी मुलाने परवान्याची प्रत वडिलांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, ‘‘आता जा.’’