समुद्रात विहीर खोदायच्या आधी आम्हालाही विचारा



आपण चलथाणला राहतो, पण आपलं पोट समुद्रावरच आहे. तेल-गॅसला आपला विरोध नाही. हजीऱ्याला येणाऱ्या गॅसवर कारखाने चालतात, आपल्यातली काही पोरंही तिथे कामाला आहेत. आपलं म्हणणं एवढंच, की परवानगी देताना आम्हाला विचारा.

आज काय होतं बघा. समुद्रातल्या तेलाचा परवाना केंद्र सरकार देतं. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नियम बदलला आणि शोधासाठीचं खोदकाम 'ब-२' गटात टाकलं. म्हणजे मंजुरी राज्याच्या पातळीवर, पर्यावरण आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. मोठी तपासणी लागते ती पुढे उत्पादन सुरू करताना. पण आपली जाळी तर शोधाच्या वेळीच जातात ना!

सर्वेक्षणाचं जहाज मागे काही किलोमीटर लांब केबल ओढतं. त्याच्या वाटेतली जाळी उचलायलाच लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, १ जूनपासून आपली बंदी. तेव्हा त्यांचंही काम होत नाही. मग ते येतात आपल्या भर हंगामात. प्लॅटफॉर्म उभा राहिला की भोवतालचा ५०० मीटरचा पट्टा कायमचा बंद, तो वेगळाच.

आणि काम संपल्यावर? आपल्या नदीच्या नावाचं तापी गॅसक्षेत्र घ्या. १९९४ चा २५ वर्षांचा करार २०१९ ला संपला. गॅस सरला, जुनी बांधकामं काढायची वेळ आली. तळाशी काही राहिलं तर ते सापडणार आपल्याच जाळ्यात.

म्हणून आपल्या तीन मागण्या:

१. सर्वेक्षण किंवा खोदकामाच्या ३० दिवस आधी प्रत्येक मच्छीमार सोसायटीला गुजराती आणि मराठीत लेखी सूचना द्या.
२. भरपाई ठरवणाऱ्या समितीत मच्छीमार घ्या. बुडालेल्या फेऱ्याही मोजा, नुसती फाटलेली जाळी नको.
३. बांधकाम काढल्यावर समुद्रतळ तपासा आणि जे राहिलं त्याची जागा आम्हाला कळवा.

पण मागायचं तर पुरावा पाहिजे. जाळं गेलं की तांडेलाने तारीख, वेळ आणि जीपीएसची जागा लिहून ठेवावी, फोटो काढावा आणि सोसायटीत जमा करावा. घरी बसून शिव्या दिल्या तर एक रुपया मिळणार नाही. वहीत नोंद असेल तरच साहेबासमोर बोलता येईल.