छापणारे आणि वाटणारे

सबमिशनच्या आदल्या रात्री एकच असाइनमेंट अख्ख्या विंगमधून फिरते. हटकलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, शेअरिंग आहे!" माझा आक्षेप आहे तो या शब्दालाच. शेअरिंग कशाला म्हणतात ते १९७०च्या दशकातल्या अमेरिकन कॅलक्युलेटरवाल्यांकडे बघा.

१९७४ मध्ये हेवलेट-पॅकार्डने एचपी-६५ काढला. प्रोग्रॅम लिहून छोट्या मॅग्नेटिक कार्डावर साठवता येणारा, हातात मावणारा पहिलाच कॅलक्युलेटर. किंमत ७९५ डॉलर आणि प्रोग्रॅमला जागा फक्त १०० स्टेप्सची! १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत तो अंतराळातही जाऊन आला. ज्यांना तो परवडेना त्यांच्यासाठी त्याच वर्षी १९५ डॉलरचा एचपी-२५ आला. यात कार्ड नाही, स्टेप्स ४९, आणि बंद केला की प्रोग्रॅम साफ. पुन्हा हवा असेल तर कागद समोर ठेवून एकेक बटण दाबत बसा. (आपण लाईट गेली की किती बोंब मारतो!)

४९ स्टेप्समध्ये काम बसवायचं म्हणजे डोकं चालवणं आलंच. या मशीनवर 'बरोबर'चं बटणच नव्हतं. (३+४)×५ साठी ३, एंटर, ४, अधिक, ५, गुणिले. कंस लागत नाहीत, मधलं उत्तर मशीन स्वतःच धरून ठेवतं. एखादी स्टेप वाचवणं हे लोकांना व्यसनासारखं लागलं. रिचर्ड नेल्सन यांनी १९७४ मध्येच कॅलिफोर्नियात एचपी-६५ वापरणाऱ्यांचा क्लब काढला, '६५ नोट्स' नावाचं पत्रक सुरू केलं. एकाने प्रोग्रॅम पाठवायचा, दुसऱ्याने तोच आणखी आखूड करून दाखवायचा. १९७९ मध्ये एचपी-४१सी आला, तेव्हा तर या मंडळींनी मॅन्युअलमध्ये नसलेल्या कमांड्सही मशीनच्या पोटातून शोधून काढल्या. विल्यम विक्स यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.

त्यांच्या डोक्यावर सबमिशनची तारीख नव्हती, हे मान्य. पण घेतलेल्यात ते भर घालत होते. आपल्या विंगमधल्या फाईलमध्ये बदलतो तो फक्त रोल नंबर. तिसऱ्या पानावरची चूक सुद्धा साठ जणांकडे जशीच्या तशी!

सरांनाही एक विनंती. दरवर्षी तोच प्रश्न देण्याऐवजी प्रोग्रॅमला ओळींची मर्यादा घाला. मित्राचा घेतला तरी चालेल म्हणा, पण वर त्याचं नाव हवं, आणि आपण त्यात कुठली ओळ वाचवली ते व्हायवाला सांगता यायला हवं.