मागच्या लाल दिव्याला वेगळं बटण नको

कारखान्याची मोळी पडायच्या आत तुम्ही ट्रॅक्टरची सगळी कामं काढता. ऑइल बदलता, टायर बघता, ट्रॉलीला वेल्डिंग मारून घेता. लाइटचं काम तेवढं राहून जातं. मग एक दिवस रात्रीची खेप लागते आणि घाईघाईत चौकातल्या वायरमनकडून एक बटण बसवून घेतलं जातं. ते बटण कोणत्या दिव्याला बसवायचं, एवढं आधी ठरवा. ऊस पाटसला जावो, आलेगावला जावो की जातेगावला, रस्ता अंधाराचाच आहे.

मागच्या बाजूला दोन तऱ्हेचे दिवे असतात. ट्रॉलीच्या टोकाला लाल. मडगार्डावर पांढरा फोकस. नांगरताना, फडात ऊस भरताना फोकस लागतोच. शिरूरच्या बाजूला तर बिबट्याच्या धास्तीने टोळीतली माणसं उजेडाशिवाय उसात पाय घालत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

फोकसला स्वतंत्र बटण द्या. लाल दिव्याला देऊ नका.

लाल दिवा ट्रॅक्टरच्या मूळ लाइटच्या खटक्यावरच घ्या. पुढचे दिवे लागले की मागचे आपोआप लागले पाहिजेत. वेगळं बटण ठेवलं की ते हमखास विसरतं. ड्रायव्हरला समोर उजेड दिसतो, म्हणून सगळं चालू आहे असंच त्याला वाटतं. मागे मात्र दोन ट्रॉल्या उसाचा काळा ढीग चाललेला असतो.

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता आठवा. थंडीत पहाटे भीमेच्या काठाला धुकं धरतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तिच्या डिपरच्या उजेडात तुमची ट्रॉली ४० मीटरवर दिसली, तर त्या माणसाच्या हातात दोन-अडीच सेकंद उरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मागचा लाल दिवा स्वच्छ हवेत १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. तेवढं अंतर कापायला त्याच मोटारीला नऊ सेकंद लागतात. मोटरसायकलवर रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून घरी निघालेलं पोर असेल, तर हे जादा मिळालेले सात सेकंद त्याच्या फार उपयोगाचे.

लाल दिव्याची दुसरी गोष्ट. तो चावी काढल्यावरही चालू राहिला पाहिजे. पाटा तुटून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली, तर तिला दिव्याची गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

फोकसचं नेमकं उलटं. तो चावीवरच घ्या, म्हणजे चावी काढली की विझेल. बॅटरीही उतरणार नाही. आणि त्याचं बटण आत लाल ठिपका पेटणारं घ्या. भरलेल्या ट्रॉलीच्या आड फोकस झाकला जातो, त्यामुळे तो चालू राहिला आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऊस गव्हाणीत खाली केला, रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत निघालात, की तोच फोकस मागच्याच्या डोळ्यात जातो. पुढे पांढरा उजेड दिसला की समोरून गाडी येते आहे असं त्याला वाटतं. डोळे दिपल्यावर तुमची ट्रॉली किती रुंद आहे हेही त्याला कळत नाही. फडातून डांबरीवर चढताना फोकस बंद करायची सवय ड्रायव्हरला लावा. तो विसरेल, म्हणून ठिपका.

आता जोडणीचं. ५५ वॅटचे दोन हॅलोजन फोकस बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेला, की ते तापतं आणि हळूहळू वितळतं. म्हणून मध्ये रिले बसवायला सांगा. रिलेमुळे बटणातून अगदी थोडा करंट जातो. मोठा करंट बॅटरीकडून थेट दिव्याला जातो. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीची वायर फ्यूजमधून, ८७ वर दिवा, ८६ वर बटणाची वायर, ८५ ला अर्थ. वायरमनला हे माहीत असतंच. पण तुम्ही शेजारी उभं राहून आकडे विचारलेत, की काम जरा नीट होतं.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. दोन फोकसना १५ अँपिअरचा पुरतो, वायर अडीच एमएमची. फ्यूजच्या पुढे वायर कुठे घासली तर फ्यूज उडेल. फ्यूजच्या अलीकडे घासली तर वायरच पेटेल. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभाग आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर सोलली आहे. ती शोधा. तुमच्या ट्रॉलीत वाळलेलं पाचट असतं आणि त्याला एक ठिणगी बास होते.

खरी कटकट अर्थची. पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीला फक्त एक वायर नेतात आणि अर्थ हुकाच्या पिनेवर सोडून देतात. पिनेला ग्रीस, चिखल, गंज. खड्ड्यात ट्रॉली हिसकली की दिवा लुकलुकतो. ओळखायची खूण सोपी आहे: ब्रेक दाबला आणि लाल दिवा उलट मंद झाला, किंवा इंडिकेटरबरोबर सगळेच दिवे मिणमिणले, तर अर्थ खराब आहे. बल्ब बदलत बसू नका. ट्रॉलीपर्यंत अर्थची वेगळी काळी वायर ओढा. दुसरी ट्रॉली असेल तर तिच्यापर्यंतही. नुसते पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड एका पावसात हिरवे पडतात, त्यापेक्षा सात पिनांचं सॉकेट घ्या. ट्रॉली सोडताना ते हाताने निघतं, वायर तोडावी लागत नाही.

वायर पाइपातून न्या. सायलेन्सर आणि पीटीओपासून लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर बसवा. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची अर्थ काढा, आणि सगळं झाल्यावर ती शेवटी लावा. मग फोकस दहा मिनिटं चालू ठेवून बटण, रिले, फ्यूज यांना हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर जोड सैल आहे.

चारचाकीला जादा दिवे लावणार असाल तर गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. तयार वायरिंगचा संच मिळतो. वायर कापली की वॉरंटीवरून वाद होतात. आणि मुलगा मोटरसायकलचा हेडलाइट बंद करायचं बटण मागत असेल तर सरळ नाही म्हणा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो दिवसाही समोरच्याला दिसावा म्हणूनच.

बैलगाडीला यातलं काही लागत नाही. तिला मागे लाल रेडियमची पट्टी लावा आणि वाढे तिच्यावर लोंबू देऊ नका. ट्रॉलीच्या दिव्यांवरही लोंबतात. बांधून झालं की कोयत्याने तेवढे छाटून टाका.

काट्यावर नंबर लागेपर्यंत वेळच वेळ असतो. तेव्हा ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन बघा. ओल्या फडक्याने काचा पुसा. टूलबॉक्समध्ये दोन बल्ब, दोन फ्यूज आणि एक टॉर्च ठेवा, नाहीतर रात्री मोबाइलच्या उजेडात फ्यूज शोधत बसाल.