महापौराकडे काय मागावे?



2026 च्या संक्रांतीला मी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो होतो. तिचे गाव पुण्याच्या पूर्वेला. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महानगरपालिकेत घेतली, त्यांत तेही गेले. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, 15 जानेवारीला, महापालिकेचे मतदान होते. हातावर तिळगूळ ठेवून अक्काने कोनाड्यातला पत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला.

"अरे, आजवर लोकांना बी निवडायला शिकवलंस. आता ह्यातलं निवडून दे. हा म्हणतो, मी महापौर झालो की मेट्रो दारात आणतो, चोवीस तास पाणी देतो, रस्ते गुळगुळीत करतो."

दाजी हसले. "पाव्हणं, आमच्या गटाराचं तेवढं बघा. पूर्वी गटार तुंबलं की सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आता बसायचं कुठं?"

दाजींचे म्हणणे खरे होते. गाव पालिकेत गेले की ग्रामपंचायत संपते. इकडे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे साडेचार वर्षे या 23 गावांना ना सरपंच, ना स्वतःच्या मतांनी निवडलेला नगरसेवक.

मावळ-मुळशीत भाताचे बी पेरण्याआधी आम्ही मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतो. 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. मी अक्काला म्हटले, ही पत्रकेही तशीच तपासू. मीठ म्हणून तीन प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: हे काम महापौराच्या हातात आहे का?

आपल्याकडे सरपंच थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. महापौराचे तसे नाही. अक्काने मत द्यायचे ते आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना. पुण्यात 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडायचे होते. बहुतेक प्रभागांत एकेका मतदाराला चार मते. मग हे नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, ते सोडतीने ठरते आणि ही सोडत मतदान झाल्यावर निघाली. तेव्हा मतदानाआधीच "मी महापौर होणार" म्हणणाऱ्याला आपण त्या पदाला उभे राहू शकू की नाही, हेही ठाऊक नव्हते!

बरे, झाला महापौर, पुढे? कायद्याने कारभार चालवायचा तो आयुक्तांनी, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. खर्चाच्या मोठ्या कामांना मंजुरी स्थायी समितीची. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो. मेट्रो तर केंद्र आणि राज्य सरकारच्या संयुक्त कंपनीची. तेव्हा "मेट्रो आणतो" हा दाणा तरंगला.

पण म्हणून महापौर शोभेचा समजू नका. सभेत एखादा विषय महिनोन् महिने लावून धरणे, अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यायला लावणे, हे तो करू शकतो. मागायचे ते हे मागा.

दुसरा प्रश्न: पैसा कुठल्या सदरातला?

अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त करतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा तो मंजूर करते. तिथे ज्या कामापुढे आकडा नाही, ते काम पत्रकातच राहते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या प्रश्नाचा धडा पुण्याने जोतीराव फुल्यांकडून घ्यावा. 1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते तेव्हा स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा बेत झाला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. मंडईच्या मोठ्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. इमारत झाली, तिला गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले महात्मा फुले मंडई! आपला भाजीपाला घेऊन पिढ्यान् पिढ्या शेतकरी तिथे गेले. इमारत उपयोगी पडली, हे खरेच. पण जोतीरावांचा प्रश्न जुना झालेला नाही: आधी काय? आणि हा विचारणारा माणूस शेतकरीही होता. मांजरीला त्यांची शेती होती. तीच मांजरी बुद्रुक आज महापालिकेत आहे.

तिसरा प्रश्न: याचा शेवट कुणाच्या शिवारात?

हा प्रश्न शहरातले लोक विचारत नाहीत, म्हणून आपण विचारायचा. पुणे खडकवासल्याचे पाणी पिते. त्याच पाण्यावर कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची पिके उभी असतात. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून वर्षाला 6.5 टीएमसी शेतीसाठी द्यायचे, असे महापालिका आणि पाटबंधारे खात्यात ठरले. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधून पाणी बेबी कालव्यात सोडण्याची सोय झाली. पण पाणी किती आले याइतकेच ते कसे आले, हे महत्त्वाचे. मैलापाणी पुरते शुद्ध झाले नाही तर ते मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनीला जाते. शहराचे गटार म्हणजे खालच्या गावांची नदी.

कचऱ्याचेही तेच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडला आणि तिथल्या विहिरींचे पाणी नासले. ही गावे 2017 मध्ये पालिकेत घेतली, 2024 मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हद्दीची रेघ हलली. कचऱ्याचा डोंगर हलवणे तितके सोपे नसते.

आता अक्काने विचारले, "मग मी पहिलं काय मागू?"

मी म्हटले, शुद्ध पाणी. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले. या आजारात हातापायांतले बळ जाते. कित्येकांना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही माणसे दगावली. संशय पाण्यावर गेला. नांदेड आणि किरकटवाडी ही त्याच 23 गावांतली. गाव शहरात गेले म्हणून विहिरीचे पाणी आपोआप शुद्ध होत नाही. तोपर्यंत पाणी उकळून, गार करून प्यावे, हे घरच्या बायाबापड्यांनी विसरू नये.

मग आम्ही पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर क्रम लिहिला. पहिले, शुद्ध पाणी आणि त्याची तपासणी. दुसरे, मैलापाण्याची वाट. तिसरे, कचरा जिथला तिथे जिरवणे. चौथे, गावातच एक कचेरी, जिथे तक्रार लिहून घेतील आणि पोच देतील. म्हणजे दाजींना बसायला ओटा मिळेल. रस्ता पाचवा, कारण आधी रस्ता करून मग नळासाठी खणायचा म्हणजे पैसा दोनदा मातीत.

तुमचे गाव पुण्यापासून लांब असेल. तरी ग्रामपंचायतीची निवडणूक तुमच्याकडेही येतेच. हेच तीन प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि वर्षाने पुन्हा विचारा. बी पेरले की शेतकरी शेताकडे पाठ फिरवत नाही. मताचेही तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी अक्का मत देऊन आली. ते पत्रक तिने टाकले नाही. कोनाड्यात पुन्हा नीट घडी घालून ठेवले. "अडीच वर्षांनी लागेल," म्हणाली.