दात्रपेशी म्हणजे काय रे भाऊ?

नववीच्या विज्ञानात सिकलसेलला 'दात्रपेशी पांडुरोग' म्हणतात. आपल्या नागभीडकडच्या पोराला तो शब्द विचारा, अडखळेल. सिकलसेल म्हणा, लगेच कळेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार अनेक घरांत आहे. दात्र म्हणजे विळा, आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, एवढं सांगितलं तरी अर्धा धडा समजतो. पण आपण व्याख्या पाठ करून घेतो.

मंडळी, हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे चारपैकी एकच मूल आजारी, असं नव्हे. दर वेळी धोका तेवढाच. उद्या लग्न जुळवताना हे कामी येणार आहे.

पुढे अकरावी सायन्सला तीच तंतुकणिका इंग्रजीत माइटोकॉन्ड्रिया होते. पोरगं पुन्हा शून्यावर. अन् आपण म्हणतो, पोरं कच्ची!

गुरुजी, मायक्रोस्कोप कपाटातून काढा. आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनला तासभर शाळेत बोलवा. खर्च काहीच नाही.

तुमच्या गावच्या शाळेत मायक्रोस्कोप शेवटचा कधी बाहेर निघाला? पोरांना विचारा अन् कमेंटमध्ये लिहा.