परदेशी तालीम : आधी हिशेब, मग तिकीट

गेल्या महिन्यात आमच्या दुकानावर एक जुने लूममालक आले होते. ग्रे कापडाचा सौदा झाला, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी त्यांनी खिशातून एक रंगीत, गुळगुळीत कागद काढला. त्यावर टोप्या उडवणारी मुले होती आणि खाली लिहिले होते की आपल्या मुलाला जर्मनीत इंजिनिअर करा. ते म्हणाले, ‘‘सेठ, चार माग काढून टाकतो आणि पोराला पाठवतो. तुमचं मत काय?’’

त्यांना दुकानात जे सांगितले तेच आम्ही इथे आपल्या सर्व व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी लिहीत आहोत. हा प्रश्न एकट्या त्यांचा राहिलेला नाही. मोहल्ल्यातल्या दर दहा घरांत एक तरी मुलगा आज अशा कागदाकडे बघत बसला आहे.

आम्ही तालीमच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो आणि दहावीनंतर वालिदसाहेबांनी आम्हाला दुकानाच्या गादीवर बसवले. पुढे शिकता आले नाही याची हळहळ आजही आहे. म्हणूनच आमच्या थोरल्या भावांनी २०१९ साली मुलाला जर्मनीला पाठवण्याविषयी विचारले, तेव्हा ‘‘जरूर पाठवा’’ म्हणणारे पहिले आम्हीच होतो.

पुतण्याची हकीकत थोडक्यात अशी. शहरातल्या एका एजंटाने त्याला तिथल्या एका खासगी संस्थेत प्रवेश मिळवून दिला. अभ्यासक्रमाच्या नावात ‘इंजिनिअरिंग’ हा शब्द होता, पण शिकवायचे ते व्यवस्थापन. फी भरण्यासाठी भावांनी आठ माग विकले. चालू माग वजनावर, भंगाराच्या भावाने गेले. व्हिसासाठी बँकेत जी रक्कम ठेवावी लागते ती नातेवाइकांकडून उसनी घेतली. मुलगा तिथे पोहोचला. दर महिन्याला खात्यातून जे पैसे सुटत, त्यातले निम्मे तो उसनवारी फेडण्यासाठी इकडे पाठवी, आणि स्वतः रात्री पार्सलच्या गोदामात खोकी उचली. मध्येच कोरोनाची टाळेबंदी आली, वर्ग संगणकावर गेले. कशीबशी पदवी मिळाली. नोकरी शोधायला दीड वर्ष मिळाले, पण प्रत्येक कंपनीने पहिला प्रश्न तोच विचारला, जर्मन येते का? ती त्याला येत नव्हती. २०२३ साली तो परत आला. आज भिवंडीत एका गोदामाचा हिशेब बघतो.

पोरगा आळशी नव्हता. चूक आम्हा मोठ्यांची होती. सूत घेताना आम्ही कोन उघडून काउंट तपासतो, कापड घेताना उजेडात धरून पिक मोजतो. पोराच्या आयुष्याचा सौदा करताना मात्र आम्ही फक्त कागदाचा रंग पाहिला.

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती नीट जमवली. त्यातली पहिलीच गोष्ट ऐकून भावांनी कपाळावर हात मारला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. काही प्रांतांनी मध्यंतरी फी लावली होती, पण २०१४ पर्यंत ती सगळीकडे रद्द झाली, आणि ही सवलत परदेशी मुलांनाही मिळाली. याला अपवाद आहेत. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहे ज्या प्रांतात येतात, त्या बाडेन-व्युर्टेमबर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली. तिथे पदव्युत्तर अभ्यासाला दर सहामाहीला ४,००० ते ६,००० युरो पडतात. काही इंग्रजी अभ्यासक्रमांनाही वेगळी फी असते. पण इतर बहुतेक ठिकाणी सहामाहीचे किरकोळ अंशदान भरले की झाले, आणि त्यात पुष्कळदा बस-रेल्वेचा पासही येतो.

मग एजंटाने हे का सांगितले नाही? व्यापाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी. ज्या मालावर दलाली नाही, तो माल दलाल दाखवत नाही. सरकारी विद्यापीठ कुणाला कमिशन देत नाही, खासगी संस्था देते. एवढाच तो हिशेब.

दुसरी गोष्ट बँकेतल्या रकमेची. ही फी नव्हे. ते मुलाचे स्वतःचेच पैसे असतात, फक्त एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि महिन्याला ठरलेली रक्कमच बाहेर येते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठरली. युरोचा भाव शंभर रुपये धरला, तर वर्षाचे जवळजवळ बारा लाख झाले. त्यातूनच खोलीभाडे, जेवण आणि सक्तीचा आरोग्य विमा भागवायचा. मोठ्या शहरात हे पैसे जेमतेम पुरतात. त्यामुळे जो उसनवारीने हे खाते भरतो, तो पोराच्या ताटातली भाकरी गहाण टाकतो. ‘‘तिथे काम करून भागवेल’’ असे एजंट सांगतात. कायद्याने विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, ही सवलत २०२४ पासूनची आहे. पण काम हे भाजीपाल्यापुरते समजावे. त्यावर घर चालवायला गेले की अभ्यास बुडतो.

आणि तिथे अभ्यास बुडाला तर तो सहज सावरता येत नाही. आपल्याकडे एटीकेटी घेत मुले वर्षानुवर्षे काढतात. तिथे साधारणपणे एका विषयाची परीक्षा तीनदा देता येते. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही नापास झाला, तर विद्यापीठ नाव कमी करते आणि तोच अभ्यासक्रम त्याला जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. नाव गेले की व्हिसाचा आधारही जातो. इथे ज्याच्या मागे केटींचे शेपूट आहे, त्याला ‘‘तिकडे जाऊन सुधारेल’’ म्हणून पाठवणारे बाप आम्ही पाहिले आहेत. त्यांनी हा नियम दोनदा वाचावा.

तिसरी गोष्ट प्रवेशाच्या वाटेची. नुसत्या बारावीवर तिथे इंजिनिअरिंगला सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते, किंवा इथल्या मान्य विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे लागते, किंवा तिथे जाऊन आधी तयारीचा वर्ग करावा लागतो. शिवाय पदवीचा अभ्यास बहुतेक जर्मन भाषेतच असतो. इंग्रजीतले अभ्यासक्रम जास्त करून पदव्युत्तर पातळीवर आहेत. म्हणून आमचे मत असे की पदवी इथेच चांगल्या महाविद्यालयात करावी आणि पुढच्या दोन वर्षांसाठी बाहेर जावे. खर्च निम्म्यावर येतो आणि मुलाला अक्कलही आलेली असते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी आपली प्रमाणपत्रे दिल्लीच्या एपीएस कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. डाड ही तिथली विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था अभ्यासक्रमांची यादी फुकट देते. त्यात भाषा कोणती, फी किती, सगळे लिहिलेले असते. ज्या घरात जीएसटीचे रिटर्न भरले जाते, त्या घराला हे अर्ज भरणे जड नाही.

आता आमच्या मनातली मुख्य गोष्ट. मुलाने शिकावे काय? ज्याला विचारावे तो संगणकाचे नाव घेतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या घरात तीन पिढ्या ताना-बाना चालला, त्या घरातल्या एकाही मुलाला कापडाचे इंजिनिअरिंग सुचू नये, याचे नवल वाटते.

सुल्झर आणि डॉर्नियर ही नावे आपल्या कारखान्यांतल्या पोरांनाही पाठ आहेत. सुल्झर स्वित्झर्लंडचे, डॉर्नियर जर्मनीतल्या लिंडाऊचे. म्योन्शनग्लाडबाख नावाचे एक गाव आहे. त्याला एके काळी ऱ्हाईनचे मँचेस्टर म्हणत. तिथल्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या, जशा आपल्या मुंबईच्या पडल्या. पण त्या गावात सूतकताईची यंत्रे बनवणारा ट्रुट्श्लरचा कारखाना उभा आहे, आणि तिथल्या निडरऱ्हाईन हॉखशूलेत आजही कापड आणि वस्त्रनिर्मिती शिकवतात. आखेन आणि ड्रेस्डेनच्या विद्यापीठांत कापडतंत्राच्या मोठ्या संशोधन संस्था आहेत. साधे कापड त्यांनी आशियाला सोडून दिले. मोटारीतल्या हवेच्या पिशव्या, गाळणीची कापडे, इस्पितळात लागणारे विणकाम आणि ती विणणारी यंत्रे मात्र हातात ठेवली. आपण पिकावर पैसे मोजून मजुरी घेतो, ते इल्मावर पैसे घेतात. हा फरक आपल्या मुलाला समजला तर बारा लाख वसूल आहेत.

आपल्याकडेही याची पहिली पायरी आहे. इचलकरंजीचे डीकेटीई आहे, मुंबईचे व्हीजेटीआय आहे. दोन्ही ठिकाणी वस्त्रतंत्राची पदवी होते. तिथून पुढे गेलेल्या मुलाला निदान माग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

परदेशी शिकून हुनराकडे परत येणे ही आपल्यासाठी नवी गोष्टही नाही. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. तिथे असताना त्यांनी काविआनी छापखान्यातून दीवान-ए-ग़ालिबची देखणी आवृत्ती छापून घेतली, आणि त्यासाठी खिळे जुळवायलाही ते स्वतः बसले होते असे सांगतात. हा माणूस पुढे देशाचा राष्ट्रपती झाला, पण त्याआधी १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता. सूतकताई-विणकामासारख्या हस्तव्यवसायातून मुलांना शिक्षण द्यावे, हा त्या आराखड्याचा गाभा होता. मोठे इल्म आणि हाताचे काम यांत वैर नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

भाषेची भीती घालणाऱ्यांना आम्ही आमचेच उदाहरण देतो. आम्ही उर्दू शाळेतून आलो, मराठी बाजारात शिकलो, आणि आज मराठीत हा मजकूर लिहीत आहोत. पोट भाषा शिकवते. तरुण पोराला दीड-दोन वर्षांत कामापुरते जर्मन येऊ शकते. पुण्या-मुंबईला मॅक्समुल्लर भवन आहे. तान्याला ते केट्टे म्हणतात आणि बान्याला शुस. आपल्या पोराला हे दोन शब्द पाठ करायला एक मिनिटही लागणार नाही, कारण वस्तू त्याने जन्मापासून पाहिली आहे. आमचा सल्ला एवढाच की भाषा इथेच शिकावी, विमानात बसण्याआधी.

राहिला पैशाचा प्रश्न. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण जागा मोजक्या आहेत. मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्जही आहे. या दोन्हींची चौकशी जरूर करावी. परंतु आपले पुष्कळ बंधू व्याजाच्या कर्जाला हात लावत नाहीत, आणि मग विकायला उरतो तो माग. रोजीचे साधन विकून तालीम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या बाजारात दहा-बारा व्यापारी मिळून दरसाल एका होतकरू मुलाचे किंवा मुलीचे एका वर्षाचे खाते कर्ज-ए-हसना म्हणून भरू शकतात. पदवीनंतर त्याने हप्त्याने परत करावे, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाला मिळेल. एकेका लग्नातल्या मांडवाचा खर्च पाहिला तर ही रक्कम फार मोठी वाटत नाही. आमचा वाटा आम्ही देऊ.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगून हा लेख आवरतो. आमची धाकटी मुलगी वस्त्रतंत्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुतण्या परत आल्यावर आम्ही घरात जर्मनीचे नावही काढू देत नव्हतो. गेल्या ईदच्या दिवशी तिने एक वही आमच्यापुढे ठेवली. तीत खर्च, तारखा, नियम, सगळे आखून लिहिले होते. पहिल्या पानावर एजंटाच्या फीच्या रकान्यात शून्य होते. लोक म्हणतील, मुलीला एवढ्या लांब? हा प्रश्न आमच्याही मनात आला, खोटे बोलत नाही. पण इतका स्वच्छ हिशेब आम्ही पुतण्यासाठी केला नव्हता. आम्ही तिला सांगितले, जर्मनची परीक्षा पास होऊन दाखव, खात्याची सोय आम्ही करतो. सध्या ती पुण्याला सुट्टीचा वर्ग करते आहे.

त्या लूममालकांनी मात्र अजून माग विकलेले नाहीत. परवा ते पुन्हा आले, आणि या वेळी मुलाला बरोबर घेऊन आले.